फासा आमच्या हातात, नियम कुणाच्या?

"अहो सर, खेळच तर आहे तो. नियम बदलला तर बदलला. त्यात एवढं तापायचं काय?"

गेली तीन-चार वर्षं हे वाक्य मी ऐकतो आहे. स्टाफरूममध्ये ऐकलं, घरात ऐकलं, स्वतःला पुरोगामी म्हणवणाऱ्या दोन लेखकमित्रांकडूनही ऐकलं. गंमत अशी की २०२३ साली आयपीएलमध्ये 'इम्पॅक्ट प्लेयर'चा नियम आला तेव्हा याच मंडळींनी मधल्या सुट्टीचा चहा गार होईपर्यंत वाद घातला होता. ऑलराउंडर संपणार, खेळाची मजा जाणार, वगैरे वगैरे. तेव्हा 'खेळच तर आहे' हे कुणालाही सुचलं नाही. म्हणजे आपला तो खेळ आणि दुसऱ्याचा तो पोरखेळ!

मी बोलतोय तो खेळ आहे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो छापला. मला तो पुण्यातल्या भाच्यामुळे कळला. 'मामू, एकदा बसून तर बघा,' एवढंच तो म्हणाला होता. आज सोलापुरात आमच्या उर्दू माध्यमाच्या शाळेतल्या आठवी-नववीच्या पोरांना मी शनिवारी दुपारी तो खेळवतो, तोही मराठीतून. कारण साधं आहे. मराठीचा धडा वाचताना ज्यांच्या तोंडून शब्द फुटत नाही, ती पोरं किल्ल्याच्या पहारेकऱ्याला गंडवायचं म्हटलं की अस्खलित मराठी बोलतात.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. त्यातला एक सूत्रधार, त्याला डंजन मास्टर म्हणतात. बाकीच्यांचं प्रत्येकी एक पात्र. पात्राचे सहा गुण कागदावर लिहिलेले असतात : ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि लोकांवर पडणारी छाप. सूत्रधार प्रसंग सांगतो, खेळाडू काय करणार ते सांगतात, आणि जमेल की नाही अशी शंका असली की वीस बाजूंचा फासा टाकतात. पट नाही, सोंगट्या असल्या तर असल्या. आमच्या उर्दूवाल्यांना यात परकं काहीच वाटू नये. नवलकिशोर छापखान्याने लखनौहून १८८३ पासून 'तिलिस्म-ए-होशरुबा'चे जाडजूड खंड काढले. त्यातल्या अमर अय्यारच्या झंबिलीत सगळी दुनिया मावायची. या खेळातही अशी एक पिशवी आहे, बाहेरून दिसते त्यापेक्षा आत कितीतरी जास्त मावतं. फरक एवढाच की दास्तान ऐकायची असते आणि इथे ती आपणच, फासा पडेल तशी, पुढे न्यायची असते.

आता ज्या खेळात पट नाही, सोंगट्या नाहीत, तिथे उरतं काय? नियम. खेळ म्हणजे नियम आणि ते नियम मानणारी माणसं, बस्स. बुद्धिबळात घोड्याची चाल बदलली तर निदान लाकडाचा घोडा तरी हातात राहील. इथे नियम बदलला की दहा वर्षं जपलेलं पात्रच वेगळं होतं. म्हणून या खेळाचे लोक नियमबदलाची बातमी आली की चवताळतात. 'पोरकट' म्हणून त्यांना हसणाऱ्यांनी आधी हे समजून घ्यावं.

बदल कुठले? १८ ऑगस्ट २०२२ रोजी विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने जाहीर केलं की २०१४ पासून चालत आलेल्या पाचव्या आवृत्तीचे नियम दुरुस्त होणार, नवी पुस्तकं २०२४ मध्ये येणार, आणि तोवर मसुदे लोकांसमोर ठेवून मतं घेतली जाणार. ही कंपनी १९९९ पासून हॅस्ब्रो या खेळणीवाल्यांच्या मालकीची आहे. मतं घेण्याचा हा उदारपणा काही आभाळातून पडला नव्हता. २००८ साली यांनीच चौथी आवृत्ती आणली होती. जुना मोकळा परवाना बाजूला सारून जाचक परवाना आणला आणि खेळही पार वेगळा केला. नाराज खेळाडूंना घेऊन पायझो या दुसऱ्या कंपनीने जुन्याच नियमांवर 'पाथफाइंडर' उभा केला आणि तो धडाक्यात चालला. त्या चटक्यानंतर २०१२ मध्ये पाचव्या आवृत्तीची जाहीर चाचणी सुरू झाली. थोडक्यात, विचारायची सवय त्यांना मार खाऊन लागली.

पहिल्याच मसुद्यात एक नियम होता. फाशावर वीस पडला की घाव दुप्पट बसतो, याला खेळाडू 'क्रिट' म्हणतात. आजवर हे सगळ्यांना लागू होतं, खेळाडूच्या पात्राला आणि त्याच्यावर चालून येणाऱ्या राक्षसालाही. मसुदा म्हणाला, यापुढे क्रिट फक्त खेळाडूंच्या पात्रांचा, तोही शस्त्राच्या किंवा मुठीच्या घावाचा. राक्षसाला नाही, मंत्राला नाही. हेतू चांगला असेल. पहिल्याच लढाईत, एका फाशात नवख्या खेळाडूचं पात्र मरू नये म्हणून केलं असेल. पण खेळाडू खवळले, आणि बरोबर खवळले. माझ्या टेबलावर राक्षसाचा फासा मी सगळ्यांसमोर टाकतो. तो घरंगळत असताना सात पोरं श्वास रोखून बसलेली असतात. त्या फाशावर वीस असण्याची शक्यताच काढून टाकली तर ती पोरं श्वास कशासाठी रोखतील? चोराचं पात्र घेणाऱ्यांची तक्रार आणखी साधी होती. पाठीमागून केलेल्या वाराचे ज्यादा फासे क्रिटमध्ये दुप्पट होणार नव्हते आणि त्यांची सगळी मजा त्यातच होती. दीड महिन्यात पुढचा मसुदा आला आणि त्यात क्रिटचा जुना नियम परत आला.

असंच पुढेही घडत गेलं. प्राण्याचं रूप घेणाऱ्या ड्रुइडला २०२३ च्या फेब्रुवारीत तीन साचे दिले : जमिनीवरचा प्राणी, पाण्यातला, आकाशातला. लांडगा काय नि अस्वल काय, आकडे एकच. खेळाडूंनी नाकारलं, साचे गेले. वॉरलॉकची जादू बदलून पाहिली, तीही वर्षाच्या आत मागे घेतली. नियमकार व्हिडिओ करून सांगायचे की समाधानाचं प्रमाण साधारण सत्तर टक्क्यांच्या वर गेलं तर नियम पुढे जातो, फारच खाली गेलं तर तो टाकून देतात.

हे सगळं पाहून माझा भाचा भारावून गेला होता. 'मामू, ही खरी लोकशाही. तुमच्या शिक्षण खात्यात असं कुणी विचारतं का?'

विचारतात बेटा, विचारतात. आम्हालाही विचारतात. काही वर्षांपूर्वी एका नव्या मूल्यमापन पद्धतीचं तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं. शेवटच्या दिवशी मोबाईलवर अभिप्रायाची लिंक आली. 'प्रशिक्षण कसे वाटले?' पर्याय तीन : उत्कृष्ट, उत्तम, चांगले. माझ्या शेजारी बसलेल्या मॅडम बोट स्क्रीनवर धरून पाच मिनिटं चौथा पर्याय शोधत होत्या. पद्धत हवी की नको, हा प्रश्न कुठल्याही पानावर नव्हता. तो आधीच कुठेतरी सुटलेला होता.

खेळाच्या कंपनीचे फॉर्म आमच्यापेक्षा शंभरपट चांगले होते, हे मान्य. तिथे 'अतिशय असमाधानी' हा पर्याय होता आणि तो मोजला जायचा. पण माझा आक्षेप वेगळा आहे. फॉर्म विचारायचा चवीबद्दल : हा मंत्र कसा वाटला, हा साचा कसा वाटला. स्वयंपाकघराची किल्ली कुणाकडे असावी, हे त्यात कधीच नव्हतं. आणि ज्या काळात खेळाडू मनापासून, रात्री जागून हे फॉर्म भरत होते, त्याच काळात किल्लीचा कारभार बंद दाराआड चालला होता.

तो कारभार असा. २००० सालापासून या खेळाचा एक खुला परवाना होता. कुणीही या नियमांवर स्वतःची साहसकथा, स्वतःचे राक्षस, स्वतःचा खेळ रचून विकू शकत होता, कंपनीला छदाम न देता. दोन दशकांत त्यावर कितीतरी माणसांची पोटं चालू लागली, त्यात एकेकटे बसून घरून काम करणारेही आले. डिसेंबर २०२२ मध्ये कंपनीच्या प्रमुखबाईंनी गुंतवणूकदारांसमोर सांगितलं की या खेळातून मिळायला हवा तेवढा पैसा अजून काढलाच गेलेला नाही. आणि जानेवारी २०२३ च्या पहिल्या आठवड्यात नव्या परवान्याचा मसुदा फुटला. जुना परवाना यापुढे अधिकृत नाही. पन्नास हजार डॉलरच्या वर उत्पन्न असेल तर आम्हाला कळवा. साडेसात लाख डॉलरच्या वर गेलात तर वरच्या उत्पन्नाचे पंचवीस टक्के आम्हाला द्या. लक्षात घ्या, नफ्याचे नाही, उत्पन्नाचे. छपाई, चित्रकार, टपालखर्च गेला खड्ड्यात. आणि तुम्ही रचलेलं आम्हीही वापरू शकतो, कायमचं.

बावीस वर्षं वापरात असलेली, लोकांनी आपली म्हणून ज्यावर घरं बांधली अशी वाट एका सकाळी 'खाजगी' अशी पाटी लावून बंद करण्यासारखं होतं ते.

यावर खेळाडूंनी काय केलं? फॉर्मची वाट पाहिली नाही. कंपनीचं 'डीअँडडी बियाँड' नावाचं डिजिटल दुकान आहे, २०२२ मध्येच हॅस्ब्रोने ते साडेचौदा कोटी डॉलरहून जास्त मोजून घेतलं होतं. त्याची वर्गणी लोकांनी रद्द करायला सुरुवात केली. एकमेकांना सांगून, स्क्रीनशॉट टाकून, ठरवून. आठवडाभरात कंपनीचं पहिलं निवेदन आलं, त्यात म्हणे खेळाडू जिंकले आणि आम्हीही जिंकलो. मला तर ते शाळेतल्या त्या पोराची आठवण देणारं वाटलं, जो पकडला गेल्यावर म्हणतो, मी तुमची परीक्षा घेत होतो. मग सुधारित मसुदा आला आणि त्यावर, अर्थातच, सर्वेक्षण. पंधरा हजारांवर लोकांनी ते भरलं. ८८ टक्के म्हणाले की या परवान्याखाली आम्ही काही छापणार नाही, ८९ टक्के म्हणाले की जुना परवाना रद्द करणं आम्हाला मान्य नाही. २७ जानेवारी २०२३ रोजी कंपनीने हात टेकले. जुना परवाना तसाच राहिला, वर चारशेहून अधिक पानांचं मूळ नियमांचं दस्तऐवज क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये कायमचं मोकळं केलं गेलं. ते आता कंपनीलाही परत घेता येणार नाही.

भाच्याशी माझं भांडण इथे आहे. तो म्हणतो, बघा, शेवटी सर्वेक्षणानेच काम केलं. मी म्हणतो, सर्वेक्षणाचे आकडे वाचण्याची बुद्धी वर्गण्या रद्द झाल्यावर आली. डिसेंबरात कुणी विचारलं होतं का, की बाबांनो, तुमचा परवाना काढून घेऊ का? क्रिटचा नियम फॉर्मने परत मिळाला, कारण तो परत देण्यात त्यांचं काही जात नव्हतं. परवाना मात्र दुकानाचा गल्ला हलला तेव्हा परत मिळाला.

हसणाऱ्यांचा दुसरा, थोडा शहाणा मुद्दा असा असतो : तुमचं जुनं पुस्तक तुमच्या कपाटातच आहे ना? कोण घरात शिरून फाडतंय? खेळा जुन्या नियमांनी. हा मुद्दा १९८९ मध्ये खरा होता, २००८ मध्येही खरा होता. आता तो अर्धाच खरा आहे. कारण आता पुस्तक कपाटात नसतं, त्यांच्या सर्व्हरवर असतं. ऑगस्ट २०२४ मध्ये, नवं पुस्तक यायच्या महिनाभर आधी, याच डिजिटल दुकानाने जाहीर केलं की तुमच्या पात्रांच्या पानांवरचे जुने मंत्र आणि जादूच्या वस्तू नव्या नियमांप्रमाणे बदलल्या जातील. जुने हवे असतील तर एकेक करून हाताने स्वतः उतरवून घ्या. म्हणजे ज्याने २०१४ चं पुस्तक पैसे मोजून घेतलं, त्याच्या पुस्तकातला मजकूर दुकानदार रात्रीतून बदलणार. पुन्हा आरडाओरडा झाला, चार-सहा दिवसांत निर्णय फिरवला गेला. ओरडले नसते तर? मी शिक्षक आहे, माझ्या घरी वडिलांच्या काळातली उर्दूची पुस्तकं आहेत, कडेला त्यांनी पेन्सिलीने लिहिलेलं आहे. प्रकाशक येऊन त्यातला मतला बदलून गेला तर मी काय म्हणेन? 'पुस्तकच तर आहे' म्हणेन?

एवढं खेळाडूंच्या बाजूने. आता खेळाडूंशी बोलायचं आहे, कारण या तीन वर्षांत आमच्याच बाजूच्या लोकांनी जी काही बडबड केली, तिच्यातला एक भाग ऐकून मला लाज वाटली.

२०१४ च्या पुस्तकापर्यंत पात्राची 'रेस' ठरली की काही गुणांची वाढ ठरायची. हाय एल्फला चपळाईत दोन, बुद्धीत एक. हाफ-ऑर्कला ताकदीत दोन, काटकपणात एक. वाढ होती तोवर ठीक म्हणू, पण २०१६ च्या एका पुस्तकात खेळाडूच्या ऑर्कला बुद्धीत चक्क वजा दोन होते. २०२० मध्ये ते काढले. त्याच वर्षीच्या दुसऱ्या पुस्तकाने जन्माने मिळणारी वाढ हव्या त्या गुणात हलवायची मुभा दिली. डिसेंबर २०२२ मध्ये 'रेस' हा शब्दच जाईल आणि त्याजागी 'स्पीशीज' येईल असं जाहीर झालं. नव्या पुस्तकात गुणांची वाढ जन्मावरून ठरत नाही. पात्र लहानाचं मोठं कुठे झालं, काय काम करत होतं, यावरून ठरते.

यावर जो गदारोळ झाला तो क्रिटपेक्षा मोठा आणि परवान्यापेक्षा घाण होता. खेळ राजकारणाने नासवला. ऑर्क ऑर्क राहिले नाहीत. पन्नास वर्षांची परंपरा मोडली. परंपरा! १९७८ च्या पुस्तकात स्त्री पात्राच्या ताकदीला पुरुषापेक्षा खालची कमाल मर्यादा छापलेली होती. कितीही चांगला फासा पडू दे, बाईचा हात त्या आकड्यावर थांबायचा. ड्रॅगन चालतो, मेलेला माणूस मंत्राने उठून बसतो तेही चालतं, पण बाईने दार खांद्याने फोडलं की ते 'वास्तवाला धरून नाही'. दुसऱ्या आवृत्तीत ती मर्यादा गेली. तेव्हाही कुणीतरी परंपरेच्या नावाने गळा काढलाच असेल. आज तो नियम परत आणा म्हणणारा मला एकही भेटलेला नाही.

माझ्या शनिवारच्या टेबलावर नववीतल्या एका मुलीने ऑर्क घेतली आणि तिला हकीम केलं. जडीबुटी ओळखणारी, जखमा शिवणारी. माझ्याकडे तेव्हा ते २०१६ चं पुस्तक होतं, तिने ते चाळलं आणि वजा दोनवर बोट ठेवून विचारलं, "सर, पेपर तर अजून झालाच नाही. मार्क आधीच कसे कापले?"

मी मुसलमान आहे आणि महाराष्ट्रात वाढलो आहे. वर्गात शिरायच्या आधी नाव वाचून कुणी मनात आकडा टाकून मोकळं होतं, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. 'तुम्ही मुसलमान असून मराठी छान बोलता हो!' हे कौतुक मी गेली पंचवीस वर्षं ऐकतो आहे. त्यातला 'असून' म्हणजे ते वजा दोनच. आणि हे फक्त आमच्याच वाट्याला येतं असंही नाही. जन्मावरून अक्कल आणि मनगट ठरवण्याचा धंदा या भूमीला किती जुना आहे, ते मराठी वाचकाला मी काय सांगणार? म्हणून 'तो ऑर्क आहे, काल्पनिक आहे, माणसाशी काय संबंध' हा युक्तिवाद मला पटत नाही. काल्पनिकच रचायचं होतं, तर मग जगातली हीच एक जुनी सवय जशीच्या तशी का उचलली?

आणखी एक गोष्ट, जी आमच्या खेळाडूंना आवडणार नाही. नव्या नियमावर सगळ्यात मोठ्याने ओरडतो तो, ज्याला जुना नियम पाठ आहे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'त्रेसष्ट'सोबत 'साठ तीन' अशी संख्यावाचनाची पद्धत आली तेव्हा अख्ख्या महाराष्ट्राने विनोद केले. विनोद करणाऱ्यांत दुसरीतलं एकही पोर नव्हतं. सगळ्यांना त्रेसष्ट येत होतं. उर्दूत उनासी आणि नवासी यांत रडणारी मुलं मी दरवर्षी बघतो, म्हणून मला तेव्हा हसू आलं नाही. ती पद्धत चांगली होती की वाईट, हा वाद वेगळा. पण ज्याच्यासाठी नियम बदलतोय तो सहसा त्या वादात नसतोच. खेळाच्या कंपनीचे फॉर्म भरणारे सगळे आधीपासूनचे खेळाडू. जी मुलगी 'वजा दोन' बघून पुस्तक मिटून निघून गेली, तिचं समाधान किती टक्के, हे कुठल्या रकान्यात लिहिलं?

पण थांबा, म्हणजे कंपनीने याबाबतीत पुण्य केलं असं मी म्हणतोय का? अजिबात नाही. जिथे हेतू चांगला होता तिथेही यांनी हात आखडला.

हाफ-एल्फ आणि हाफ-ऑर्क, म्हणजे मिश्र आईबापांची लेकरं, नव्या पुस्तकाच्या यादीत नाहीत. २०२२ च्या पहिल्या मसुद्यात निदान एक परिच्छेद होता की आईबाप दोन वेगळ्या वंशांचे असतील तर एकाचे गुण घ्या, रूप दोघांचं मिसळा. 'हाफ' हा शब्द खुपत होता, मान्य. मलाही खुपतो. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, दोन्हींत स्वप्नं पडतात, मला कुणी अर्धा उर्दूवाला म्हटलं तर राग येईल. पण म्हणून माझं नाव हजेरीतूनच खोडणार का? दुसरा शब्द शोधायचा होता. शब्दांचाच धंदा करणाऱ्या कंपनीला दोन वर्षांत एक शब्द सापडू नये?

आणि गुणांची वाढ. पहिल्या मसुद्यात खेळाडूने स्वतःची पार्श्वभूमी स्वतः रचायची होती, हव्या त्या गुणांत वाढ घ्यायची होती. मला तो या सबंध चाचणीतला सर्वांत सुंदर नियम वाटला होता. १७ सप्टेंबर २०२४ रोजी पन्नास डॉलरला एक सेंट कमी अशा किमतीचं खेळाडूंचं पुस्तक आलं आणि त्यात सोळा तयार पार्श्वभूमी होत्या. प्रत्येकीला तीन ठरलेले गुण, वाढ घ्यायची ती त्या तिघांतच. स्वतःची पार्श्वभूमी रचण्याबद्दलची पानं नोव्हेंबरात आलेल्या सूत्रधाराच्या पुस्तकात गेली. तेवढ्याच किमतीचं दुसरं पुस्तक, आणि परवानगी खेळाडूच्या हातून सूत्रधाराच्या हाती. जन्माचा शिक्का पुसला आणि त्याच जागेवर धंद्याचा मारला. यावर जे खेळाडू वैतागले ते मला पटले. दुर्दैवाने 'ऑर्क बाटवले' म्हणणाऱ्यांच्या कल्लोळात त्यांचा आवाज बुडाला आणि कंपनीला दोघांना एकाच पारड्यात टाकून 'बदल कुणालाच नको असतो' म्हणायची सोय झाली.

त्या सोळांत एक पार्श्वभूमी शेतकऱ्याची आहे. त्याला ताकद, काटकपणा आणि शहाणपण यांत वाढ मिळते. बुद्धीत मिळत नाही. बुद्धीची वाढ हवी असेल तर लेखनिक व्हा, विद्वान व्हा, फार तर चोर व्हा. मी ते पान आमच्या वर्गात वाचून दाखवलं. निम्म्या पोरांचे बाप यंत्रमागावर आहेत, पण दोघा-तिघांची शेती आहे, मोहोळच्या बाजूला. त्यातला एक म्हणाला, "सर, हे ज्यांनी लिहिलं त्यांना एकदा आमच्या अब्बांसोबत बोअरच्या मोटारीचं स्टार्टर दुरुस्त करायला बसवा."

माझ्या टेबलावर त्याच्या शेतकऱ्याला बुद्धीत दोन मिळाले आहेत. राक्षसाला क्रिट आहे, ऑर्क हकीम अजून जिवंत आहे, आणि पुढच्या शनिवारी तिघं मिळून धरणाचा दरवाजा उघडायचा आहे.